फरशी तपासणी, सांगली-मिरज: काम एक नंबर, रिपोर्ट मात्र इंग्लिशमधी (४ स्टार)

विश्रामबागला आमच्या हॉलमधी दोन बाय चार फुटाची व्हिट्रिफाइड फरशी टाकलेली, वर्ष पण झालं नाही तोवर एप्रिलच्या उन्हात मधल्या फरशा तंबूसारख्या वर उचलल्या आणि बाकीच्यांवर पाय ठेवला की बद्द आवाज. दुकानदार म्हणतो मिस्त्रीनं वाट लावली, मिस्त्री म्हणतो मालच वाकडा होता, आणि गंमत म्हणजे मिस्त्री दुकानदारानंच दिलेला. कंपनीचा माणूस आला, मोबाईलवर फोटो काढले, बसवण्यात चूक आहे म्हणाला आणि गेला, तो दुसरं काय बोलणार म्हणा.

शेवटी मेव्हण्याच्या ओळखीतनं मिरजेचे एक रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर मिळाले. फी घेऊन तपासणी करतात, लेखी रिपोर्ट देतात, कुठल्या दुकानाशी देणंघेणं नाही. फोनवरच सांगितलं, मी येईपर्यंत एक पण फरशी काढू नका, शिल्लक बॉक्स टाकू नका, आणि दुकानदार-मिस्त्री दोघांना तारीख लेखी कळवा, नंतर आमच्या माघारी केलं म्हणायला नको.

आले ते नाण्यानं एकेक फरशी वाजवत फिरले, पोकळ लागली की खडूनं फुली. हॉलभर फुल्याच फुल्या. मग शिल्लक बॉक्समधल्या दोन फरशा तोंडाला तोंड लावून बघितल्या, फट नाही, म्हणजे माल सरळ. मिस्त्रीचा चेहरा तिथंच पडला. मग उचललेली एक उलटी केली तर मागं सगळ्या रेषा कोऱ्या, कारखान्यातली पांढरी पावडर पण तशीच, पुसलीच नव्हती. साहेबांनी मिस्त्रीला न ओरडता समजावलं, व्हिट्रिफाइड अर्धा टक्का सुद्धा पाणी पीत नाही, मग सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ कालवलेलं सिमेंट, तिला धरणार कशी, त्याला फरशी चिकटवायचं अ‍ॅडहेसिव्हच पाहिजे आणि ते पण दात्याच्या थापीनं सगळीकडं पसरून. वर दोन फरशांमधी फट ठेवणारे स्पेसर लावलेले नाहीत, भिंतीकडं स्कर्टिंगखाली जागा सोडलेली नाही, उन्हानं फरशी वाढली की जाणार कुठं, वरच येणार. आणि सिमेंटातच बसवा, अ‍ॅडहेसिव्हचा खर्च कशाला, हा सल्ला कुणाचा होता विचारल्यावर मिस्त्रीनं दुकानदाराकडं बघितलं!

म्हणजे निकाल कंपनीवाल्यानं सांगितला तोच निघाला, पण त्याचं कुणी ऐकलं नव्हतं, यांचं दोघांनी ऐकलं कारण समोर दिसत होतं. फरशा दुकानदाराच्या, मजुरी मिस्त्रीची आणि अ‍ॅडहेसिव्ह आमचं, असं ठरलं. नसतं ठरलं तर तोच रिपोर्ट जोडून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होतो, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळं ज्यांचं भांडण लांबलंय त्यांनी तारखा बघून घ्या.

एक स्टार कापला कारण वेळेचं काही खरं नाही, सकाळी म्हणाले आणि आले संध्याकाळी, आणि रिपोर्ट सगळा इंग्लिश, मिस्त्रीला ओळ न ओळ मलाच वाचून सांगावी लागली. फी आधी घेतात, ती समोरच्याकडनं वसूल होईल असं धरू नका, मला तर नाही मिळाली. आणि फक्त सांगितलेलीच खोली बघतात. आता बेडरूममधल्या पण काही फरशा वाजायला लागल्यात, परत यांनाच बोलावणार, फक्त रिपोर्ट मराठीत द्या म्हणून आधीच सांगणार.