पुस्तकांचं कपाट: प्लाय, लोखंड की कडप्पा?

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या घरात एक तयार कपाट होतं. तीन फूट रुंद, पाच कप्पे, वरून सागवानी रंगाचा कागद आणि आत दाबून बसवलेला भुसा, म्हणजे पार्टिकल बोर्ड. पहिल्या पावसाळ्यात मधल्या फळीला बाक आला, दुसऱ्या पावसाळ्यात तिचा पाळणा झाला, आणि गणपतीच्या तोंडावर एका रात्री पिना भोकांतून निसटून पंधरा वर्षांचे दिवाळी अंक जमिनीवर आले. शहापुरातले एक वयस्कर मिस्त्री बघायला आले. त्यांनी फळीला हातही न लावता आधी टेप लावला. "पुस्तकं ठेवायलाय की, मग तीन फुटाचा गाळा कशाला सोडलाय?"

नवं कपाट घेणाऱ्यानं हा गाळ्याचा, म्हणजे दोन उभ्या आधारांमधल्या अंतराचा, प्रश्न आधी सोडवावा, लाकूड की लोखंड हे नंतर. उभी लावलेली साधी पुस्तकं फुटाला ९-१० किलो भरतात. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं आणि कोशाचे खंड त्याहून जड. म्हणजे तीन फुटी फळीवर ३० किलोच्या आसपास, आणि पाच फळ्यांवर दीडशे किलो: सिमेंटची तीन पोती. फुटामागचं वजन तेच ठेवून गाळा दोन फुटांवरून तीन फुटांवर नेला, तर फळी दीडपट नव्हे, सुमारे पाचपट वाकते. उलट १८ मिमीची फळी काढून २५ मिमीची घातली तर वाक पावणेतीन पटींनीच कमी होतो. जाड फळीला पैसे घालण्यापेक्षा मध्ये एक उभी फळी घालणं स्वस्तही आणि जास्त गुणाचंही.

आता माल. पार्टिकल बोर्डाबद्दल माझं मन कलुषित आहे, तरी न्यायानं सांगतो: दोन फुटांच्या आत गाळा, कोरडी खोली आणि मुलांची शाळेची पुस्तकं एवढंच असेल तर चालून जातं. पण तो सतत भाराखाली हळूहळू वाकतच राहतो, आणि पाणी लागलं की फुगतो. अथणीच्या कोरड्या हवेत जो टिकेल तो खानापूर-जांबोटीच्या पावसात टिकेलच असं नाही.

मिस्त्रीकडून करून घेतलेलं प्लायचं कपाट हा बहुतेकांसाठी मधला मार्ग. १८-१९ मिमीचा प्लाय घ्या. ओल येणारी भिंत असेल तर बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळतं पाणीही सोसणारा, आयएस ७१० या भारतीय मानकाचा. कोरड्या खोलीत आयएस ३०३ चा एमआर पुरतो. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा, पाण्यात भिजणं सोसणारा नव्हे; दुकानात हे दोन्ही 'वॉटरप्रूफ' म्हणून गळ्यात मारले जातात, शिक्का बघून घ्या. कापताना वरच्या थराची रेषा फळीच्या लांबीला धावली पाहिजे. शीट वाचवायला आडवी कापलेली फळी दिसायला तीच, पण लवकर वाकते. नुसत्या फळ्यांसाठी ब्लॉक बोर्डही चांगला, त्याच्या आतल्या लाकडी पट्ट्या फळीच्या लांबीला येत असतील तर.

लोखंडाचे दोन प्रकार. उद्यमबागेच्या बाजूला फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंग करून घेतलेला रॅक, किंवा भोकांच्या अँगलचा नटबोल्टचा रॅक. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मी डोळे झाकून दुसरा सांगेन: सोडवला, टेम्पोत टाकला, नव्या घरी उभा केला. फक्त गेज विचारताना उलटं लक्षात ठेवा, आकडा लहान तितका पत्रा जाड. २२ गेजचा पत्रा पुस्तकांखाली दबतो. १८ किंवा २० घ्या आणि फळीच्या खाली मधोमध पट्टी वेल्ड करून मागा. मागे तिरप्या पट्ट्या नसतील तर सगळा रॅक बाजूला डुलतो, मग पत्रा कितीही जाड असो. रंग उडाला की गंज चढतो आणि त्याचे डाग पुस्तकांना लागतात, म्हणून फळीवर जाड पुठ्ठा.

जुन्या घरात भिंतीतल्या कोनाड्यात कडप्पा बसवलेला असतो, त्याला कमी लेखू नका. वाळवीला त्यात खायला काही नाही, तीन बाजूंनी भिंतीत रुतलेला असेल तर वाकायचा प्रश्न नाही. पण दगड वाकून इशारा देत नाही, थेट तुटतो. म्हणून दोन फुटांपलीकडे खाली टेकू हवाच. शिवाय मागची भिंत ओली असेल तर पुस्तकांना कसर आणि बुरशी दोन्ही. कुठलंही कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन बोटं पुढे ठेवा.

असलेलं कपाट वाचवायचं असेल तर मिस्त्रींनी आमच्याकडे केलं ते करता येईल. फळीच्या पुढच्या काठाला दीड इंच उंचीची सागवानी पट्टी उभी, फेविकॉल आणि स्क्रूनं. एवढ्यानं वाक निम्म्याहून कमी होतो. पिना काढून बाजूंना आडव्या रिपा. मागची पातळ फळी फेकून ६ मिमी प्लाय, प्रत्येक फळीत स्क्रू मारून. आणि वरच्या टोकाला एल अँगल भिंतीला. मुलं कपाटावर चढतात, हे गृहीतच धरायचं. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत फास्टनर धरतो. मातीच्या जुन्या भिंतीत तो धरत नाही, तिथं अँगल चौकटीच्या लाकडाला किंवा वरच्या तुळईला बांधावा. लाकडी माळ्यावर कपाट ठेवणार असाल तर भिंतीलगत आणि माळ्याखालच्या लाकडी कड्यांना आडवं, म्हणजे वजन एका कडीवर न येता तीन-चार कड्यांवर पडतं.

आमच्या कपाटात शेवटी मध्ये उभी फळी आली, कोश तळाच्या कप्प्यात गेले. दिवाळी अंक मात्र बायकोनं परत आत घेऊ दिले नाहीत, ते लोखंडी ट्रंकेत आहेत.