रोमच्या बंदरावरून घेतलेली प्रायव्हेट टूर, आईबाबांना घेऊन जाणार असाल तर नक्की वाचा

बडोद्याहून आम्ही आठ जण क्रूझला गेलो होतो, आईबाबा, दादा-वहिनी, आम्ही दोघं आणि दोन मुलं. बाबा 76 चे, आईचे गुडघे दुखरे. जहाज रोमला जातं असं लिहिलेलं असतं पण खरं ते चिविताव्हेक्कियाला लागतं आणि तिथून रोम 70-80 किलोमीटर लांब, म्हणजे जायला दीड तास आणि यायला दीड तास आधीच गेले समजा. जहाजाची बसटूर होती पण पन्नास माणसं एका बसमध्ये, बस लांब थांबणार, मग झेंडीवाल्या गाइडच्या मागे चालत सुटायचं, आईला ते झेपणारच नव्हतं. म्हणून तिथल्याच एका छोट्या लोकल कंपनीची आठ सीटची व्हॅन ड्रायव्हरसकट दिवसभरासाठी बुक केली, 720 युरोला, म्हणजे माणशी 90.

आधी त्याच क्रूझवरच्या नेपल्स बंदराचं सांगते, कारण तिथे आमची चूक झाली. तिथे काहीच बुक केलं नव्हतं, बंदराबाहेर आल्या आल्या एकाने गाठलं, पॉम्पेई, इंग्लिश गाइड, सगळं इन्क्लुडेड म्हणाला आणि भावही कमी, बसलो. वाटेत तोर्रे देल ग्रेकोला शिंपल्यावर कोरीवकाम करतात त्या दुकानात चाळीस मिनिटं थांबवलं, आम्हाला काही घ्यायचं नव्हतं तरी. पॉम्पेईच्या गेटवर गेल्यावर म्हणतो मी ड्रायव्हर, मी आत येऊ शकत नाही. आता हे मला तिथे कळलं की इटलीत आत नेऊन माहिती सांगायची तर लायसन्सवाला गाइडच लागतो, ड्रायव्हर कितीही छान इंग्लिश बोलत असला तरी तो बाहेरच थांबणार. म्हणजे त्याने थापच मारली होती. आत ते उंचसखल दगडांचे रस्ते, ऊन, आई एका भिंतीच्या सावलीत बसून राहिली आणि आम्ही पाट्या वाचत फिरलो. इसवी सन 79 ला राखेखाली गेलेलं आख्खं गाव समोर, आणि सांगायला कोणी नाही, फार वाईट वाटलं.

त्यामुळे रोमच्या दिवशी मी धास्तावलेलीच होते. पण या कंपनीने महिनाभर आधीच ईमेल करून विचारलं होतं की तुमचा दिवस बुधवार आहे, बुधवारी सकाळी व्हॅटिकनला पोपची सभा असते, सेंट पीटर्स चर्च तेव्हा बंद असतं, तर आपण उलटं फिरूया का, कलोसियम आधी आणि व्हॅटिकन शेवटी, शिवाय व्हॅटिकन परतीच्या वाटेच्या बाजूला आहे. आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं! आम्ही बुक केलं होतं तशा क्रमाने गेलो असतो तर चर्चच्या बंद दारावरून परत आलो असतो. माझ्यासाठी टूरचे अर्धे पैसे या एका ईमेलमध्ये वसूल झाले.

सकाळी आठला बाहेर आलो तर ड्रायव्हर नावाची पाटी घेऊन उभा, पन्नाशीचा माणूस, आधी आईला हात देऊन पुढच्या सीटवर बसवलं. कलोसियम बाहेरूनच पाहिलं, आतलं तिकीट नावानिशी आणि वेळ ठरवून घ्यावं लागतं आणि आम्ही निघालो तोवर ते संपलेलं होतं, तुम्ही जाणार असाल तर हे सगळ्यात आधी करा. पँथिऑनला, म्हणजे जुन्या रोमन देवळाला, त्याने शक्य तितकं जवळ सोडलं. 43 मीटरचा घुमट, लोखंडाची सळई नाही, जवळजवळ 1900 वर्षांपूर्वीचा, वर मधोमध उघडं भोक आणि त्यातून उन्हाचा मोठ्ठा गोल भिंतीवर पडलेला. आई बाकावर बसली आणि तो गोल हळूहळू सरकताना बघत राहिली, वीस मिनिटं. बसटूरमध्ये या वीस मिनिटांना कोणी थांबलं असतं का?

बाहेर रस्त्यावर लोखंडी नळ असतात, सतत वाहणारे, ड्रायव्हरने बाबांना दाखवलं की खालचं तोंड बोटाने दाबलं की नळीच्या वरच्या भोकातून कारंजासारखं पाणी उडतं, तोंड लावायचं आणि प्यायचं. बाबांनी तीनदा करून बघितलं, मुलांनी तर सगळे कपडे भिजवले. दिवसभर पाण्याची बाटली विकत घेतली नाही.

सेंट पीटर्सला सिक्युरिटीच्या लाइनमध्ये पाऊण तास गेला, आत फुकट आहे पण खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आत मोठी मोठी चित्रं वाटतात ती बहुतेक मोझेक आहेत, बारीक तुकडे बसवलेले. बाबा बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेले, लगेच म्हणाले, अगं आपल्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दरबार हॉलची फरशी इटलीच्याच लोकांनी केलेली, सयाजीरावांनी बोलावून घेतले होते. आणि मग मुलांना महाराजांच्या गोष्टी तिथेच सुरू झाल्या.

आता महत्त्वाचं. जहाजाच्या स्वतःच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, प्रायव्हेट गाडीसाठी थांबत नाही, सुटलं म्हणजे सुटलं. आम्हाला साडेसहाला आत असायचं होतं. ड्रायव्हरने सकाळीच ती वेळ कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवली होती आणि सव्वातीनला म्हणाला चला. वहिनीला स्पॅनिश स्टेप्स, त्या प्रसिद्ध पायऱ्या, बघायच्या होत्या, खूप विनवलं, तो हसत हसत नाहीच म्हणाला. हायवेवर अपघात झालेला, पाऊण तास गाडी जागची हलली नाही. साडेपाचला बंदरात पोचलो. तेव्हा वहिनीनेच उतरताना त्याच्या हातात बडोद्याहून आणलेल्या लीलो चेवड्याचं पाकीट ठेवलं.

पैसे सगळे शेवटी घेतले, ॲडव्हान्स नाही. कमी वाटलं ते एवढंच की गाइड वेगळा घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे, आम्ही घेतला नाही, घ्यायला हवा होता. दोघंच असाल तर ट्रेनने जा, स्टेशन बंदरापासून लांब नाही आणि फार स्वस्त पडेल. पण म्हातारी माणसं बरोबर असतील तर व्हॅनच. पुढच्या महिन्यात माझी मावशी त्याच क्रूझला जातेय, तिला हीच व्हॅन बुक करून दिलीय, गाइडसकट.