गुरुवारची अंगणवाडीतली सुई: पाचपैकी साडेचार

आमच्या गावच्या अंगणवाडीत गुरुवारी लहान मुलांना लसी देतात, त्या सेवेचा हा रिव्ह्यू, त्यातही डांग्या खोकल्याच्या लसीचा. हॉटेलचा, मिक्सरचा, मोबाइलचा रिव्ह्यू सगळे लिहितात. लसीकरणाचा कोण लिहीत नाही, आणि मग दीड महिन्याचं बाळ मांडीवर घेऊन नवे आईबाप गल्लीभर विचारत फिरतात, "सरकारी घ्यायची की प्रायव्हेट?" मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. गाव राजहंसगडाच्या बाजूचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चांगल्या सिस्टरची चार लोकांत तारीफ झाली की तिची बदली होते, असं आमच्याकडं घडत आलंय.

आधी मला डांग्या खोकल्याचंच एवढं का पडलंय ते सांगतो. हिचं माहेर चंदगड तालुक्यात. हिच्या मावसबहिणीच्या बाळाला तो झाला तेव्हा बाळ दोन महिन्यांचंही नव्हतं, आणि "जरा अंगानं भरू दे, मग देऊ" म्हणून पहिली सुई लांबवलेली. डांग्या खोकला म्हटलं की खोकून खोकून लालबुंद झालेलं पोर आणि शेवटी श्वास ओढतानाचा तो 'हूप' असा आवाज, एवढंच आम्हाला माहीत. पण इतक्या लहान बाळात तसा जोरात श्वास ओढायची ताकदच नसते. त्यामुळं आवाज नाही की काही नाही. दूध पिता पिता ते थांबायचं, ओठ निळे पडायचे, श्वास काही क्षण बंद, मग परत चालू. घरातल्यांना वाटलं दूध नाकात गेलं. दवाखान्यात ठेवून ऑक्सिजन लावायला लागला. बाळ वाचलं, आता गुबगुबीत आहे, पण घरी आल्यावरही तो खोकला कितीतरी आठवडे त्याच्या मागं होता.

मागाहून लक्षात आलं की त्या घरात आज्जी बऱ्याच दिवसांपासून कोरडं खोकत होती. मोठ्या माणसाला हा आजार नुसता हट्टी खोकला म्हणून येतो. कोण त्याला डांग्या म्हणत नाही, "हवा बदललीय" म्हणतात. आजार बोर्डेटेला पर्ट्युसिस नावाच्या जंतूचा, खोकण्या-शिंकण्यातून पसरतो, आणि ज्यांना कसलंच संरक्षण नाही अशा लोकांत एक रोगी बारा ते सतरा जणांना देऊ शकतो, असं सांगतात. सुरुवातीचा आठवडाभर दिसायला साधी सर्दी असते आणि नेमकी तेव्हाच तो सगळ्यात जास्त पसरतो. अॅझिथ्रोमायसिनसारखं औषध लवकर सुरू झालं तर आजारावर उपयोग. खोकल्याच्या उबळी सुरू झाल्यावर दिलं तर दुसऱ्यांना लागण होत नाही, पण ज्याला झालाय त्याला उबळी भोगायलाच लागतात.

आमच्या भागात यावर एक जुना इलाज दारापर्यंत चालत येतो, गाढविणीचं दूध. गाढवीण घेऊन माणूस गल्लीतनं ओरडत जातो, समोर पिळून चमचाभर देतो आणि पैसे मात्र असे घेतो की म्हशीच्या दुधाचं आठवड्याचं बिल भागावं. माझ्या आईचा त्यावर भारी विश्वास. आता रिव्ह्यूच लिहायला बसलोय तर त्यालाही स्टार देऊन टाकतो: शून्य. सहा महिन्यांखालच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय बाहेरचं काही घालायचं नाही, ते तर कच्चं दूध. आईला हे सांगून घरात दोन दिवस अबोला होता.

आता अंगणवाडीकडं येतो. आशाताई आदल्या दिवशी दारात येऊन सांगून जातात, फोनही करतात. खोली एक, भिंतीवर अआइई आणि कन्नड मुळाक्षरं शेजारी शेजारी, कोपऱ्यात टेबल, टेबलावर निळी पेटी. मला त्या पेटीचंच कौतुक. लस दोन ते आठ डिग्रीत ठेवायला लागते. पेटीत चारी बाजूंनी बर्फाचे पॅक असतात, पण ते फ्रीजरमधनं काढून तसेच घालत नाहीत. बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खळखळायला लागलं की मगच घालतात. कारण डांग्या खोकल्याची लस उन्हानं जशी बिघडते तशी गोठली तरी बिघडते. बाटलीवर एक गोल असतो, त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चालते. रंग गोलासारखा किंवा त्याहून गडद झाला की बाटली बाद. पण ही खूण फक्त उष्णता सांगते, गोठलेलं सांगत नाही, म्हणून ते खळखळ पाणी. आमच्या कारखान्यात ओतीव तपासताना आम्ही इतकं बघत नाही. मी विचारल्यावर सिस्टरनं बाटली हातात दिली नाही, पण डोळ्यासमोर धरून दाखवली आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिलेली तीही दाखवली. एक बाटली दहा मुलांची, नियमात बसत असेल तर उघडल्यावर अठ्ठावीस दिवस वापरता येते. माझ्यामागच्या एका बाईंना ते शिळं वाटलं. शिळं नाही ते, ठरलेलं आहे.

सहा आठवड्यांना एकदम बरंच असतं, मनाची तयारी करून जा. तोंडात पोलिओचे थेंब आणि रोटाचे (जुलाबावरचे) थेंब, मग डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही, उजव्या दंडाला कातडीत छोटी पोलिओची सुई. डांग्या खोकल्याची लस त्या पेंटात असते. पेंटा म्हणजे पाच: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब (लहान मुलांत मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू). दहा आठवड्यांना परत, चौदा आठवड्यांना परत. दहाव्या आठवड्याला फक्त पेंटाची एकच सुई, तेव्हा जीव जरा कमी वरखाली होतो. पहिल्या एका सुईनं काम भागत नाही, तिन्ही व्हायला लागतात. पण पहिली वेळेवर झाली की निदान काहीतरी आधार सुरू होतो, म्हणून ती लांबवायची नाही. साधी सर्दी आहे, नाक वाहतंय, एवढ्यावरनं परत फिरायची गरज नाही. सिस्टर बघून ठरवतात.

सिस्टर मूळच्या बैलहोंगलकडच्या. मराठी समजतं, बोलताना मधेच कन्नडवर जातात. सुई झाल्यावर "अर्ध तासु कूड्री" (अर्धा तास बसा) म्हणून सगळ्यांना खाली सतरंजीवर बसवून ठेवतात, आणि खरंच बसवतात, कोण उठलं तर नाव घेऊन हाक मारतात. पुढच्या वेळेचं "नाल्कु वार बिट्टु बर्री" (चार आठवड्यांनी या) म्हणून कार्डावर तारीख लिहून बोट ठेवून दाखवतात. कुठली लस दिली, कशासाठी दिली, ताप येईल तर काय करायचं, हे न विचारता सांगितलं. माझ्या आईनं मांडीला हळद लावू का विचारलं, तर "काहीसुद्धा लावू नका आज्जी, चोळूसुद्धा नका." पॅरासिटामॉलचं औषध बाळाच्या वजनावर किती ते लिहून दिलं.

ताप आला. ते लपवण्यात अर्थ नाही. रात्रभर बाळ कण्हत होतं, मांडी टणक झालेली, हिला झोप नाही, आईचं "बघ, मी म्हणत होते" सुरू. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरला. मांडीतली गाठ मात्र बऱ्याच दिवसांनी विरली. तीन तासांच्या वर थांबता न थांबणारं रडणं, झटका, बाळ ढिलं पडणं, असलं काही झालं तर लगेच कळवा, असं सिस्टरनं बजावलेलं. आमच्याकडं तसलं काही झालं नाही.

या तापामुळंच लोक शहरात जातात. मीही दुसऱ्या डोसच्या आधी बेळगावातल्या एका खासगी क्लिनिकमध्ये चौकशी केली. एसी, भिंतीवर जिराफ, रिसेप्शनवरच्या मुलीनं दर सांगितला, एका डोसला चार हजाराच्या आसपास. "पेनलेस आहे सर." पेनलेस म्हणजे काय विचारलं तर तेच परत, पेनलेस. ब्रोशरवर बाळ हसतंय. आत डॉक्टर मात्र चांगले भेटले. त्यांनी सांगितलं ते असं: सरकारी पेंटात डांग्या खोकल्याचा अख्खा मेलेला जंतू असतो, म्हणून ताप आणि सूज जास्त. महागड्या लसीत जंतूचे निवडक तुकडे असतात, म्हणून त्रास कमी. संरक्षण दोन्हींनी मिळतं, पण तुकड्यांच्या लसीचं लवकर ओसरतं. अमेरिकेनं नव्वदच्या दशकात पूर्ण जंतूची लस सोडून दुसरी घेतली. पुढं २०१० मध्ये एकट्या कॅलिफोर्नियात नऊ हजारांवर रुग्ण झाले आणि दहा तान्ही बाळं गेली. २०१२ मध्ये अख्ख्या देशात रुग्णांचा आकडा अठ्ठेचाळीस हजारांच्या वर गेला. साथीला कारणं अनेक असतात, पण संरक्षण ओसरणं हे त्यातलं एक, हे तिथल्याच अभ्यासांत दिसलं. डॉक्टर म्हणाले, "एक रात्र ताप काढायची तयारी असेल तर अंगणवाडीतली घ्या, कमी दर्जाची नाही ती." आपलंच गिऱ्हाईक परत पाठवणारा डॉक्टर मी पहिल्यांदा बघितला. बाळाला आधी तापात झटके आलेले असतील किंवा दुसरं काही दुखणं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं डॉक्टर सांगतील ती.

त्यांच्याकडनंच आणखी एक कळलं, आणि हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. सहा आठवड्यांच्या आत बाळाला डांग्या खोकल्याची लस देता येत नाही, म्हणून तेवढ्या काळाची सोय आईच्या पोटातच करायची असते. आईनं गरोदरपणी टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची मोठ्यांची लस) घेतली तर तिचं संरक्षण वारेतनं बाळाला जातं. आपल्याकडं साधारण सत्तावीस ते छत्तीस आठवड्यांत घ्यायला सांगतात. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळते ती टीडी. तीत धनुर्वात आणि घटसर्प आहे, डांग्या खोकला नाही. टीडॅप बाहेरनं विकत, हजाराच्या वर. इंग्लंडमध्ये २०१२ पासून गरोदर बायकांना ही लस मोफत देतात. मधल्या वर्षांत घेणाऱ्यांचं प्रमाण उतरत गेलं आणि २०२४ च्या साथीत तिथं अकरा तान्ही बाळं गेली. तेवढ्या श्रीमंत देशात. माझा हिशेब सरळ आहे: बाळासाठी खासगीत खर्च करायचे जे पैसे बाजूला ठेवलेत, त्यातले आईच्या या एका सुईला घाला आणि बाळाला अंगणवाडीत न्या. बारशाच्या जेवणाच्या खर्चापुढं ते काहीच नाही.

तिसरा डोस चंदगडकडं झाला, कारण ही माहेरी होती. सीमेवरच्या लोकांना हाच घोर असतो, कार्ड कर्नाटकाचं, सुई महाराष्ट्राची, घेतील का? घेतली, काही कटकट न करता. तायी कार्ड (कर्नाटकातलं आई-बाळाच्या नोंदीचं कार्ड) कन्नडमधलं, तिथल्या सिस्टरला कन्नड वाचता येत नाही, पण पेंटाचे रकाने आणि तारखा कुणालाही कळतात. वेळापत्रक अख्ख्या देशाचं एकच आहे. यू-विनवर, म्हणजे सरकारच्या लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदीत, मोबाइल नंबरनं नोंद होती ती तिथंही निघाली. तरी कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, रेंज कधी जाईल सांगता येत नाही. एखादा डोस चुकला, उशीर झाला, तर पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, राहिलेला पुढं चालू होतो.

अर्धा स्टार कापला तो खोलीसाठी. पंखा एकच, तो सिस्टरच्या डोक्यावर. बाळांना दूध पाजायला आडोसा नाही, मी एक जुनी चादर नेऊन बांधली ती अजून तिथंच आहे. ताप आल्यावर काय करायचं त्याचं पत्रक फक्त कन्नडमध्ये, आणि गावात निम्म्याहून जास्त आयांना ते वाचता येत नाही. सिस्टर तोंडी सांगतात खरं, पण रात्री दोनला तोंडी सांगितलेलं आठवत नाही. मागच्या बाजूला कोरा कागद आहे, तिथं मराठीत छापायला किती पैसे लागतात? आमच्या गल्लीतल्या पोरांनी मराठीत लिहून झेरॉक्स काढून दिलीय, सिस्टरनी ती आनंदानं वाटायला घेतली.

जाणाऱ्यांसाठी: बाळाला पायात घट्ट काही घालू नका, झबलं आणि लंगोट पुरे, मांड्या मोकळ्या लागतात. घरात कुणाला लांबलेला खोकला असेल तर त्यानं बाळ घेऊन येऊ नये, दुसऱ्या कुणीतरी यावं. सोळा ते चोवीस महिन्यांच्या मधला डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि पाच-सहा वर्षांचा दुसरा, हे दोन्ही मोबाइलच्या कॅलेंडरात आत्ताच घालून ठेवा, कारण तोवर आशाताईंच्या यादीत गल्लीतली नवी बाळं आलेली असतात. पेटी साडेदहाच्या सुमाराला येते, दुपारी एकनंतर परत जाते. यात्रेच्या किंवा बेंदराच्या आठवड्यात वार बदलतो, तेव्हा आधी आशाताईंना फोन करून निघा.