गोल चावीचं कुलूप: पिना सात, पण सगळ्या उघड्यावर

लॅपटॉपची केबल, व्हेंडिंग मशीन, अलार्मचं पॅनल, सायकलचं जुनं यू-लॉक, म्हणजे यू आकाराचं कुलूप. पोकळ नळीसारखी चावी लागणारं ट्युब्युलर कुलूप बहुतेक अशाच ठिकाणी दिसतं. दुकानदार सांगतो, ‘साहेब, पिना सात आहेत, साध्या कुलपात पाचच.’ पिना म्हणजे स्प्रिंगवरच्या बारीक दांड्या; चावीने त्या नेमक्या तेवढ्याच दबल्या तरच कुलूप फिरतं. हिशेब बरोबर आहे. प्रत्येक पीन आठ वेगवेगळ्या पातळ्यांपर्यंत दाबावी लागू शकते असं धरलं, तर 20,97,152 वेगवेगळ्या चाव्या होतात. पण एवढ्या चाव्या लावून बघत बसतो कोण?

गोम रचनेत आहे. साध्या कुलपात पिना एकीमागे एक, वाकड्यातिकड्या खाचेच्या आत असतात. इथे सातही पिना तोंडाशीच गोलाकार बसवलेल्या, मध्ये काही आड नाही. ट्युब्युलर पिक हे चावीशिवाय कुलूप उघडायचं हत्यार म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या सात पट्ट्यांची चावीच. थोडा पीळ ठेवून दाबलं की अडून बसलेली पीन आपली पट्टी मागे ढकलते, आणि हळूहळू चावीचा नमुना तयार होतो. पट्ट्या मोजून नवी चावीही कापता येते, म्हणजे मालकाला पत्ता लागत नाही. 2004 साली अमेरिकेत क्रिप्टोनाइट कंपनीची महागडी यू-लॉक्स साध्या बिक बॉलपेनच्या नळीने उघडली, ती याच दोषामुळे: मऊ प्लास्टिकवर पिनांचे ठसे उमटले. कंपनीला कुलपं फुकट बदलून द्यावी लागली.

एकेक पीन साध्या पिकने बसवणाऱ्याला मात्र हे कुलूप रडवतं. एक सप्तमांश फेरी झाली की पिना पुढच्या भोकांत पडतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. कौतुक करायचं तर एवढंच.

घ्यायचंच असेल, तर उघडलेल्या पेपर क्लिपने एकेक पीन दाबून पाहा. सगळ्या सारख्याच मऊ दबल्या तर घेऊ नका. एक-दोन स्प्रिंगा कडक असतील, एखादी पीन नेहमीच्या वर्तुळाबाहेर असेल किंवा पिना आठ-दहा असतील, तर बाजारातलं तयार हत्यार सहज चालत नाही. पिना कडक पोलादाच्या आहेत का, तेही विचारा; मऊ असल्या तर पोकळ ड्रिल त्यांच्यासकट सगळं कापून काढतं, पिकची गरजच उरत नाही.

धूळ हा दुसरा शत्रू. उघड्या तोंडातून ती थेट पिनांवर बसते, एखादी पीन आत अडकते आणि अस्सल चावीही फिरत नाही. तेल ओतलं तर चिखल होतो. ग्राफाइटची पूड चांगली.

ऑफिसच्या ड्रॉवरला चालेल, लॉबीतल्या लॅपटॉपलाही, डोळा ठेवून. रस्त्यावरच्या सायकलला नको. तिथे चकत्यांचं, म्हणजे डिस्क डिटेनर कुलूप घ्या. आणि चावीवरचा कोड लिहून ठेवून तो खरवडून टाका: कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे ही चावी कापायचं मशीन बहुधा नसतं, पण ज्याच्याकडे आहे त्याला नुसता कोड पुरतो.