"तुमचा भुऱ्या सापडला" म्हणून फोन आला

लक्ष्मीपूजनाच्या रात्री दारासमोर सुतळी बॉम्ब फुटला अन् आमचा कुत्रा भुऱ्या फाटकावरून उडी मारून पळाला. नागपुरातलं त्रिमूर्तीनगर, खामला, प्रतापनगर, रात्री दोनपर्यंत गाडीवर हिंडलो. सकाळी कागद छापून चौकाचौकात चिकटवले: फोटो, माझा नंबर, ५,००० रुपये बक्षीस. गावठी, बदामी रंग, नसबंदीच्या वेळी डाव्या कानाला मारलेली खाच. सगळं मीच लिहून दिलं. चोराला घरात बोलावून कपाट दाखवलं म्हणा ना.

संध्याकाळी फोन. "ताई, तुमचा कुत्रा बुटीबोरीला आहे आमच्यापाशी. गाडीचा धक्का लागला जी त्याले." बुटीबोरी आमच्या घरापासून पंचवीस-तीस किलोमीटर, तिथवर हा गेला कसा? तर म्हणे ट्रकवाल्याने उचलून आणला असंल. आवाजात इतकी काळजी की मीच त्याला धीर देऊन राहिले होते. फोटोही आला, खाटेजवळ बसलेला भुऱ्या. डॉक्टर आधी पैसे मागून राहिले म्हणाला, ३,५०० टाकले. अर्ध्या तासाने ऑटोचे १,५००, तेही टाकले. हे म्हणत होते, "व्हिडिओ कॉल लाव एकदा." मी उलट यांच्यावरच चिडले. तो बिचारा मुक्या जनावरासाठी धावपळ करतो अन् तुम्ही संशय घेता!

नऊ वाजता तो म्हणाला, "ऑटोवाला नाही म्हणते, तुमचे १,५०० परत करतो. क्यूआर पाठवला, स्कॅन करून पिन टाका." मुलीने फोन माझ्या हातातून ओढलाच. पैसे यायला पिन लागत नाही, पिन टाकला की खात्यातून जातात. मग ती तो फोटो मोठा करून बघत बसली. "आई, खाच उजव्या कानाला कशी?" आमचाच कागदावरचा फोटो उलटा केलेला, मागे कुठलीतरी खाट चिकटवलेली. पंजाखाली आमच्या ओट्याच्या लाल फरशीची बोटभर पट्टी तशीच राहून गेली होती.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन मी दुसऱ्या दिवशी केला, लाजेपायी. तोवर पैसे पुढच्या खात्यात गेलेले. लगेच कळवलं असतं तर बँकेत अडवायला वाव होता.

त्यानंतरही एकाचा फोन आला: "चिपवरून लोकेशन काढून देतो, २,००० लागतील." जनावराच्या कातडीखाली ओळखीसाठी बसवतात ती चिप भुऱ्याला नाहीच. अन् असती तरी तिच्यात नुसता १५ आकडी नंबर असतो, तोही डॉक्टरने यंत्र अंगाजवळ धरलं तरच दिसतो. कुत्रा कुठे फिरतो हे चिप सांगत नाही. या वेळी मी विचारलं, "कोणत्या कानाला खाच आहे सांगा." फोन कट. पण ते तर कागदावरच होतं, नीट वाचलं असतं तर सांगितलं असतं त्याने. म्हणून नव्या कागदातून बक्षिसाचा आकडा काढला, खाच काढली. शेपटीच्या टोकाचे चार पांढरे केस कोणालाच सांगितले नाहीत.

पाचव्या दिवशी तो सापडला, घरापासून जेमतेम दीड किलोमीटरवर, एका तर्री पोह्याच्या ठेल्याखाली. आमच्या कामवाल्या मावशींनी ओळखला. ठेलेवाल्याने कागद पाहिलाच नव्हता. बक्षीस द्यायला गेले तर २०० घेतले, "चार दिवसांच्या पोह्यांचे" म्हणून.

परवा खामल्याच्या बाजारात एका खांबावर मांजरीचा कागद दिसला. फोटो, गळ्यातल्या पट्ट्याचा रंग, बक्षीस, नंबर, सगळं. राहवलं नाही, फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला.

"सापडली का?"

"नाही हो ताई. पैसे मागायला कोणाचा फोन आला होता का, तेवढंच विचारायचं होतं."

तिकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, "सकाळीच दोन हजार टाकले."