डॉक सुपरवायझर की फ्लीट सुपरवायझर, कुठलं घ्यावं?

दोन्ही ऑफर हातात आहेत आणि पगारात फारसा फरक नाही, तर आधी हे बघा की तुमची माणसं डोळ्यासमोर असणार की रस्त्यावर. मी आधी डॉकवर, म्हणजे गाड्यांत माल चढवतात-उतरवतात तिथे होतो, मग गाड्यांकडे, म्हणजे फ्लीटमध्ये गेलो.

डॉकवर गँग समोर असते. कोण दमलंय, कोण नवीन आहे, कोण कंबर धरून उभा आहे ते दिसतं आणि तिथल्या तिथे माणूस बदलता येतो. पण अंगावर येतं. ४० फुटी कंटेनरमधला माल पॅलेटवर (लाकडी फळ्यांवर) रचलेला आला तर कंटेनर फोर्कलिफ्टने पटकन रिकामा होतो, तेच सुटे खोके वरपर्यंत भरलेले असले की ४ माणसांची अर्धी शिफ्ट त्यातच जाते आणि तेवढ्यात मागे अजून गाड्या लागलेल्या असतात. नायोश (NIOSH, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर संशोधन करणारी अमेरिकन सरकारी संस्था) हिच्या हिशोबात सगळं अगदी सोयीचं असलं तरी एकट्याने उचलायची मर्यादा २३ किलो आहे, खाली वाकून किंवा अंग वळवून उचलायचं म्हटलं की आणखी कमी. घाईत हे पहिलं विसरलं जातं. दुसरं म्हणजे चाकाखालचा ठोकळा. तो नसला आणि फोर्कलिफ्ट आत असताना ट्रेलर पुढे सरकला तर काय होईल याचा विचारही नको वाटतो.

फ्लीटमध्ये अंगमेहनत नाही, पण सगळं काम फोनवर आणि विश्वासावर. पंक्चर, कागद अडकले, गाडी अजून खाली झाली नाही, ड्रायव्हर फोन उचलत नाही. युरोपियन युनियनमध्ये साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांचा ब्रेक घ्यावाच लागतो, पण नियम कुठलाही असो, कस्टमर ओरडत असताना "ड्रायव्हर झोपलाय, गाडी सकाळीच निघेल" हे वरच्यांना तुम्हालाच सांगावं लागतं. ते जमणार नसेल तर फ्लीट घेऊच नका, खरंच सांगतो. शिवाय डॉकवर हँडओव्हर दिला की घरी जाता येतं, इथे फोन उशाशीच.

माझं मत, आधी वर्षभर तरी डॉक करा. मग ड्रायव्हर म्हणाला ३ तास गाडी डॉकला लागली नाही, तर ते खरं कधी असतं हे तुम्हाला कळतं, आणि ड्रायव्हरलाही कळतं की तुम्हाला कळतंय.

इंटरव्ह्यूत दोन गोष्टी नक्की विचारा: काम धोक्याचं वाटलं तर थांबवायचा अधिकार माझ्याकडे आहे का, आणि रात्री २ वाजता फोन कोण उचलतं?