मेदेवी, बाली: नऊ महिने राहून झाल्यावर

फेब्रुवारी ते ऑक्टोबर 2025 असे नऊ महिने मी पश्चिम बालीत, जंब्राना जिल्ह्यातल्या मेदेवी गावात काढले. नोकरी घरून करायची, कंपनी परदेशातली, त्यामुळे ई33जी हा रिमोट वर्करचा एक वर्षाचा व्हिसा मिळाला. वर्षाला 60 हजार डॉलर कमाई दाखवावी लागते, तेवढं आधी बघून घ्या. जाताना मनात दोन हेतू होते. राहून बघायचं, आणि मन रमलं तर जागा घेऊन टाकायची. पहिल्याला माझे पाचपैकी साडेचार. दुसऱ्याचं खाली सविस्तर लिहितो, कारण आपल्या ग्रुपांवर "बालीत स्वस्तात समुद्राकाठी जागा" छाप मेसेज फार फिरतायत.

गाव विमानतळापासून 75 किलोमीटरच्या आसपास, पण अडीच-तीन तास धरा. देनपसार ते गिलीमानुक बंदर हा एकच हमरस्ता, आणि जावाहून फेरीने उतरलेले सगळे ट्रक त्यावरूनच येतात. जुलैत तबानान जिल्ह्यात बजेराजवळ हा रस्ता खचला तेव्हा आमच्या दुकानात अंडीसुद्धा उशिरा आली. समुद्र पोहण्याचा नाही. काळी वाळू थोडी, गोटे जास्त. डावीकडे लांबपर्यंत फुटत जाणारी लाट मात्र सर्फिंगवाल्यांत प्रसिद्ध आहे आणि गावातली होमस्टे त्यावरच चालतात. ज्यांना बीच, कॅफे आणि संध्याकाळचं संगीत हवं असेल त्यांनी इकडे फिरकू नये. इथे पहाटे अजान, मग कोंबडे, मग ट्रक.

घर दोन खोल्यांचं, मागे ओटा, भाडं महिना 40 लाख. दचकू नका, रुपिया! आपल्या एका रुपयाला 185 ते 190 रुपिया मिळत होते, म्हणजे साडेएकवीस हजारांच्या आसपास. विजेचं मीटर प्रीपेड असतं. दुकानात पैसे भरायचे, 20 आकडी नंबर मिळतो, तो मीटरवर दाबायचा. युनिट संपत आले की मीटर टीं टीं करायला लागतं, आणि ते दाराबाहेर असल्यामुळे तुमची कडकी अख्ख्या आळीला कळते. माझं पहिल्याच आठवड्यात रात्री दोनला ओरडलं. सकाळी घरमालकीण, जिला आम्ही सगळे इबू (म्हणजे बाई, आई) म्हणायचो, ती भिंतीपलीकडून हसत ओरडली, "पाक, लिस्त्रिक!" म्हणजे साहेब, वीज! तेव्हापासून महिन्याच्या एक तारखेला न चुकता भरायला लागलो.

शाकाहारी माणूस टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफूवर आरामात जगतो, फक्त साम्बळ, म्हणजे तिथली मिरचीची चटणी, विचारून घ्या. त्यात बहुधा तेरासी असते, म्हणजे आंबवून कुटलेला जवळाच. मी कोकणातला असल्यामुळे मला तो वास पहिल्या दिवशीच घरचा वाटला. कुत्र्यांपासून जपा. बालीत 2008 पासून रेबीज आहे, मी आधीच लस घेऊन गेलो होतो.

एक दिवस मात्र लिहायलाच हवा. 29 मार्चला न्येपी होता, बालीतल्या हिंदूंचं नववर्ष. दिवा नाही, चूल नाही, रस्त्यावर माणूस नाही, मोबाइलचं इंटरनेट बंद, विमानतळसुद्धा 24 तास बंद. हमरस्त्यावर एक ट्रक नाही! नऊ महिन्यांत फक्त त्याच दिवशी घरात बसून लाटेचा आवाज नीट ऐकला. दुसऱ्या दिवशी आपला पाडवा, आणि इबूच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर साल शके 1947. आपलंही तेच.

आता जागा.

तिथे जमीन 'आर'मध्ये मोजतात. सातबाऱ्यावरचा तोच आर, 100 चौरस मीटरचा. पण साम्य इथेच संपतं. 1960 च्या जमीन कायद्याने 'हक मिलिक' म्हणजे पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियन नागरिकाला. परदेशी माणसाला 'हक पाकाई' म्हणजे वापराचा हक मिळतो: 30 वर्षं, पुढे 20 ची मुदतवाढ, मग 30 चं नूतनीकरण. पण त्यावर बालीत घर घ्यायचं तर किमान किंमत 5 अब्ज रुपिया, आपले अडीच कोटींच्या वर. उरतो साधा भाडेपट्टा, आणि 'स्वस्त जागा' म्हणून आपल्याला विकतात तो हाच. तिसरा मार्ग स्थानिक माणसाच्या नावावर घेण्याचा. आपल्याकडे त्याला बेनामी म्हणतात, आणि तिथेही असा व्यवहार कायद्याने रद्दबातल ठरतो.

एका एजंटने मला 8 आरचं, समुद्राकडे उतरणारं भातखाचर दाखवलं. 25 वर्षांचा पट्टा, आरला वर्षाला 50 लाख रुपिया. गुणाकार केला तर एक अब्ज, म्हणजे आपले 53 लाख, सगळे आधी. बांधकाम वेगळं. पंचविसाव्या वर्षी जमीन मालकाची आणि तुमचं घरही त्याचंच, मुदतवाढ "तेव्हाच्या बाजारभावाने". मी त्या रात्री साधा हिशोब मांडला. आत्ताचंच भाडं 25 वर्षं भरलं तर 64 लाख होतात, तेही महिन्याच्या महिन्याला, आणि छप्पर गळलं तर इबूची डोकेदुखी. (गळलंच, त्यावर शेवटी येतो.)

तरी मोह होताच, कारण खाचराच्या बांधावरून दिसणारा सूर्यास्त. म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि भरतीच्या खुणेपासून पावलं मोजली. बांधकामाला भरतीरेषेपासून किमान 100 मीटर सोडावे लागतात. प्लॉटची मागची हद्द नव्वदीतच आली. म्हणजे अख्खा प्लॉटच सोडायच्या पट्ट्यात! एजंटला विचारलं तर तो म्हणाला, "बिसा दियातूर." म्हणजे होईल की मॅनेज. त्याच जुलैत दक्षिण बालीत उलुवातूजवळ बिंगिनच्या किनाऱ्यावर प्रशासनाने 48 बेकायदा बांधकामं पाडायला घेतली होती. कागद बघितले तर प्रमाणपत्र मालकाच्या वारलेल्या आजोबांच्या नावावर आणि वारस सात, त्यातले दोघे दूर सुलावेसी बेटावर. कोकणातल्या सामाईक जमिनीत ज्याने एकदा हात घातलाय, त्याला पुढचं सांगायला नको.

नियम बाजूला ठेवले तरी समुद्र आहेच. याच जिल्ह्यात पबुआहानला जाऊन या. किनारा खाल्ला गेलाय आणि घरांच्या अर्ध्या भिंती लाटांत उभ्या आहेत. 10 सप्टेंबरच्या पुरात जंब्रानातही पाणी घुसलं, माणसं गेली. आमच्याकडे गुडघाभर गाळ, तीन दिवस नळाला पाणी नाही.

"टोल रोड झाला की भाव तिप्पट" हे वाक्य प्रत्येक एजंट म्हणतो. गिलीमानुक ते मंगवी हा 96 किलोमीटरचा रस्ता. भूमिपूजन 2022 च्या सप्टेंबरात इथेच, पकुतातान तालुक्यात झालं, आणि मग काम ठप्प. इबूच्या नवऱ्याचं शेत त्या आखणीत आहे. ना मोबदला, ना विकता येत, ना त्यावर कर्ज मिळत. आखणीचा खांब दाखवायला मला घेऊन गेला, त्याला म्हशी बांधतो. झालाच रस्ता तर ट्रक तिकडे जातील आणि गाव शांत होईल, हे त्याचं म्हणणं. एजंट म्हणतो, गाव गजबजेल. दोघांपैकी कोण बरोबर यावर मी 53 लाख लावणार नाही.

भारतातून पैसे न्यायचे तर वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आणि 10 लाखांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ वसूल करते तो कर, आधी भरावा लागतो, हेही धरा. आणि ई33जीवर तिथे स्थानिक कमाई चालत नाही, म्हणजे "बाकीचे महिने व्हिला भाड्याने देऊ" हा बेत बाद.

मी पुढच्या फेब्रुवारीपासून चार महिन्यांसाठी तेच घर सांगून ठेवलंय. भाडं तेच. फक्त पाऊस संपायच्या आत मागची गळकी पन्हळ बदल असं इबूला बजावलंय. ती "इया, इया" (हो, हो) म्हणाली आहे.